मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका आणि आहार: बदल कोणत्या क्रमाने करावेत

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग आहाराशी निगडित आहे हे बहुतेकांनी ऐकलेले असते, आणि म्हणूनच धोका कमी करायचा म्हटले की सर्वांत आधी घरात फळे येतात. सकाळी एक सफरचंद वाढते, जेवणात काकडीच्या चार चकत्या येतात आणि उरलेले ताट होते तसेच राहते. फळे खाण्यात गैर काहीच नाही, पण क्रम चुकतो. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडने २०१८ साली उपलब्ध पुराव्याची जी वर्गवारी केली, तीत प्रक्रिया केलेले मांस, मद्य आणि शरीरातील जादा चरबी यांनी धोका वाढतो याचा पुरावा ‘खात्रीलायक’ ठरला. अख्खे धान्य, तंतुमय पदार्थ (म्हणजे चोथा) आणि दूध यांनी तो कमी होतो हे ‘संभाव्य’ या वर्गात आले, तर फळे-भाज्यांचे स्थान त्याखालच्या, मर्यादित पुराव्याच्या वर्गात होते. खालील टप्पे साधारण याच क्रमाने मांडले आहेत. फळे-भाज्यांच्या टप्प्यावरचे काम पहिल्यांदा करून थांबणे हीच सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

## टप्पा १: ताटाला हात लावण्यापूर्वी तपासणीचा प्रश्न निकाली काढा

आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या लहान कोंबाचे, म्हणजे पॉलिपचे, कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. आहाराचा परिणाम होतो तो याच लांबलचक काळावर. आज आतड्यात असलेला पॉलिप कोणत्याही भाजीने विरघळत नाही, तो दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, शोधून काढावा लागतो. त्यामुळे आहार हा तपासणीला पर्याय होऊ शकत नाही.

पुढीलपैकी काहीही असेल तर आहारबदल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे: शौचावाटे रक्त जाणे, काही आठवडे टिकलेला बद्धकोष्ठ किंवा जुलाब, पोट पूर्ण साफ न झाल्याची सततची भावना, कारण न कळता घटलेले वजन किंवा रक्तातील लोहाची कमतरता. रक्त दिसले की मूळव्याध समजून चोथा वाढवायचा आणि वाट पाहायची, ही सवय घातक आहे, कारण मूळव्याध आणि कर्करोग एकाच व्यक्तीत एकाच वेळी असू शकतात. बीट खाल्ल्याने शौच लालसर आणि लोहाच्या गोळ्यांनी काळपट होते हे खरे आहे, पण हे स्पष्टीकरण बीट बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रंग पूर्ववत झाला तरच मान्य करावे.

लक्षणे नसली तरी वय आणि घराण्याचा इतिहास पाहावा लागतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये सर्वसाधारण धोका असलेल्यांसाठी तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. इतर देशांची वयोमर्यादा वेगळी असू शकते, म्हणून आपल्याकडील नियम विचारून घ्यावा. आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, घराण्यात लिंच सिंड्रोम (हा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) असेल, किंवा स्वतःला अनेक वर्षे अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराचा जुनाट दाह) असेल तर तपासणी याहूनही लवकर सुरू होते.

सावधान: कोलोनोस्कोपीची तारीख ठरली असेल तर त्याआधीचे काही दिवस या लेखातील सल्ल्याच्या नेमके उलट वागावे लागते. बिया, साली, कोंडा आणि डाळी बंद करून कमी चोथ्याचा आहार घ्यायचा असतो, अन्यथा आतडे स्वच्छ होत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

## टप्पा २: सात दिवस काहीही न बदलता नोंद करा

नोंद सुरू केल्याबरोबर माणूस शहाण्यासारखा खाऊ लागतो आणि मग त्या नोंदीला अर्थ उरत नाही. म्हणून या आठवड्यात मुद्दाम नेहमीसारखेच खावे. वहीत सात रकाने पुरेसे आहेत: प्रक्रिया केलेले मांस, लाल मांस, मद्य, धान्य (अख्खे की कोंडा काढलेले), डाळी व कडधान्ये, भाज्या व फळे, आणि दूध व दुधाचे पदार्थ. पहिले दोन दिवस स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरावा, त्यानंतर नजरेला अंदाज येतो.

तीन ठिकाणी हिशेब हमखास चुकतो.

मांसाचे वजन शिजवलेल्या मांसाचे धरायचे असते. कच्चे १०० ग्रॅम मांस शिजल्यावर साधारण ७० ग्रॅम भरते.

मद्याचा हिशेब ग्लासांत न करता शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये करावा. मिलिलिटरला बाटलीवरील टक्केवारीने गुणून १०० ने भागायचे आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणायचे. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम, तर १२ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते.

बटाटा आणि रताळे भाजीच्या रकान्यात लिहू नये, ती पिष्टमय कंदमुळे आहेत. फळांचा रसही फळ म्हणून मोजू नये, त्याचे कारण टप्पा ५ मध्ये येईल.

## टप्पा ३: टक्के वाचण्याची पद्धत एकदा समजून घ्या

ऑक्टोबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला गट १ मध्ये, म्हणजे कर्करोगकारक असल्याची खात्री असलेल्या गोष्टींत, आणि लाल मांसाला गट २अ मध्ये, म्हणजे बहुधा कर्करोगकारक असलेल्या गोष्टींत घातले. तंबाखूही गट १ मध्येच असल्याने ‘सॉसेज सिगारेटइतकेच घातक’ असा अर्थ काढला गेला. तो चुकीचा आहे. हे गट पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याचे प्रमाण सांगत नाहीत.

प्रमाणाबाबत त्या संस्थेचा अंदाज असा होता की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हे १८ टक्के मूळ धोक्याचे आहेत. समजा, एखाद्या लोकसमूहात आयुष्यभरात १०० पैकी ४ जणांना हा कर्करोग होतो, तर त्यांतील प्रत्येकाने रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास तो आकडा ४.७ च्या आसपास जाईल. एका माणसाच्या दृष्टीने ही वाढ लहान वाटते आणि दहा लाखांच्या वस्तीत ती हजारो रुग्णांची होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. घाबरून एका रात्रीत सगळे सोडणाऱ्यांनी पहिली लक्षात ठेवावी आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी दुसरी.

## टप्पा ४: आधी वजाबाकी

नोंदवहीतील पहिले तीन रकाने आता उघडावेत. त्यांत काहीच नसेल तर हा टप्पा ओलांडून पुढे जावे.

प्रक्रिया केलेले मांस. मीठ लावून, खारवून, धूर देऊन, आंबवून किंवा संरक्षक रसायने घालून टिकवलेले मांस या व्याख्येत येते: हॅम, बेकन, सॉसेज, सलामी, डबाबंद मांस. कोंबडीचे सॉसेजही त्यातच मोडते. याची सुरक्षित मर्यादा ठरलेली नाही, म्हणून रोजच्या आहारातून ते काढून टाकणे आणि क्वचित प्रसंगापुरते ठेवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. वेष्टनावर ‘नैसर्गिक पद्धतीने टिकवलेले’ असे लिहिले असेल तर घटकांच्या यादीत सेलरीची भुकटी किंवा अर्क आहे का ते पाहावे. त्यातून मिळणारे नायट्राइट, म्हणजे मांस टिकवणारे रसायन, आणि कारखान्यात तयार झालेले नायट्राइट रासायनिकदृष्ट्या एकच आहे.

लाल मांस. बोकड, मेंढी, गाय, म्हैस आणि डुक्कर यांचे मांस यात येते. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडचा सल्ला आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन वेळा, इतकाच ठेवण्याचा आहे. लाल मांसाला रंग देणारे हीम लोह आतड्यात नायट्रोसो संयुगे तयार व्हायला मदत करते, आणि ही संयुगे अस्तराच्या पेशींमधील डीएनएला इजा करू शकतात. थेट ज्वाळेवर किंवा फार तापलेल्या तव्यावर मांस काळे पडेपर्यंत भाजल्यास आणखी काही कर्करोगकारक संयुगे त्यात तयार होतात. मंद आचेवर रस्सा करून शिजवणे आणि जळालेला भाग काढून टाकणे त्यामानाने बरे, पण केवळ शिजवण्याची पद्धत बदलून प्रमाण तेच ठेवले तर मुख्य प्रश्न सुटत नाही.

मद्य. अल्कोहोलपासून शरीरात तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करते. धोका प्रमाणाबरोबर वाढत जातो आणि दिवसाला ३० ग्रॅमच्या पुढे पुरावा अगदी स्पष्ट आहे. वाइन, बिअर आणि कडक मद्य यांत या बाबतीत फरक करण्याचे कारण नाही. न पिणाऱ्याने ‘थोडी वाइन चांगली’ म्हणून सुरुवात करण्यासारखे तर येथे काहीच नाही.

काढलेल्या पदार्थाच्या जागी काय आले हे लगेच तपासावे. सॉसेजच्या जागी मैद्याचा गोड पदार्थ आला तर वजाबाकीचा बराचसा फायदा वजनवाढीत निघून जातो. ती जागा डाळी, कडधान्ये, मासे, अंडी किंवा साधी कोंबडी यांनी भरावी.

पडताळणी: दोन आठवडे हे जमले की मगच पुढे जावे. सगळे एकदम सुरू केल्यास पोट बिघडले तर ते कशाने बिघडले हे कळत नाही आणि लोक चोथाच सोडून देतात.

## टप्पा ५: धान्य आणि डाळी, म्हणजे चोथ्याचा खरा साठा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लोक नेमका हाच गाळतात.

लक्ष्य आहे रोज निदान ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ, म्हणजे चोथा, आणि तोही अन्नातून. आता हिशेब पाहा. १०० ग्रॅम सालीसकट सफरचंदात सुमारे २.४ ग्रॅम चोथा असतो, कच्च्या गाजरात २.८ आणि शिजवलेल्या पालकात २.४ ग्रॅम. म्हणजे सर्वत्र सांगितली जाणारी ४०० ग्रॅम फळे-भाज्यांची मात्रा प्रामाणिकपणे खाल्ली तरी पदरात पडतो तो दहा ग्रॅमच्या आसपास चोथा. सफरचंदाच्या रसाच्या ग्लासात तर तो जेमतेम अर्धा ग्रॅम असतो, उरते ती साखर. याउलट १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरीत जवळपास ८ ग्रॅम, तेवढ्याच शिजवलेल्या हरभऱ्यात साडेसात, आणि १०० ग्रॅम कोंड्यासकट गव्हाच्या पिठात ११ ग्रॅमच्या आसपास चोथा आहे. मैद्यात तो तीन ग्रॅमही भरत नाही.

एका दिवसाची मांडणी अशी होऊ शकते: ८० ग्रॅम कोंड्यासकट पीठ (९ ग्रॅम चोथा), ४० ग्रॅम ओट्स (४), शिजवलेली १५० ग्रॅम मसूर (१२), एक सफरचंद (४), एक संत्रे (३) आणि २४० ग्रॅम भाजी (६). बेरीज ३८ होते. यातील पीठ आणि मसूर काढून मैदा घातला की तीच बेरीज २० च्या खाली येते, फळे आणि भाज्या अगदी तशाच असूनही.

चोथ्याचे काम तीन प्रकारे चालते. तो मळाचे आकारमान वाढवतो, त्यामुळे अपायकारक संयुगे विरळ होतात. तो मळाचा आतड्यातील प्रवास लवकर घडवतो, त्यामुळे त्या संयुगांचा अस्तराशी संपर्क कमी वेळ राहतो. आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याला आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात, जे अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन आहे. अख्ख्या धान्याचा स्वतंत्र अंदाजही उपलब्ध आहे: निरीक्षणात्मक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात रोज ९० ग्रॅम अख्ख्या धान्यामागे धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळला.

अस्तराचा प्रतिसाद किती लवकर बदलतो हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. त्यात वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि वीस ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींनी दोन आठवडे एकमेकांच्या पद्धतीचा आहार घेतला. पहिल्या गटाला रोज सुमारे ५५ ग्रॅम चोथा मिळाला, त्यांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले आणि अस्तराचा दाह कमी झाला. जास्त चरबीचा आणि कमी चोथ्याचा आहार मिळालेल्या दुसऱ्या गटात नेमके उलटे घडले. अर्थात हे जैविक निर्देशक आहेत, कर्करोगाची आकडेवारी नाही.

या निष्कर्षाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये, एकीत गव्हाच्या कोंड्याचे खाद्य देऊन आणि दुसरीत कमी चरबी, जास्त चोथा व भरपूर फळे-भाज्या देऊन, आधी पॉलिप काढलेल्यांमध्ये नवे पॉलिप येण्याचे प्रमाण तीन-चार वर्षांत कमी झाले नाही. ज्यांच्यात प्रक्रिया आधीच सुरू झाली आहे त्यांच्यासाठी तीन-चार वर्षे हा काळ फार अपुरा असावा. तरीही एवढा बोध निश्चित घ्यावा की नेहमीचे ताट तसेच ठेवून वर चमचाभर कोंडा किंवा डब्यातील चोथ्याची भुकटी घेणे म्हणजे आहार बदलणे नव्हे.

वेष्टन वाचताना: पावाचा तपकिरी रंग बऱ्याचदा माल्ट किंवा करपवलेल्या साखरेचा असतो, आणि ‘बहुधान्य’ या शब्दाने कोंडा शाबूत असल्याची हमी मिळत नाही. घटकांच्या यादीत पहिले नाव अख्ख्या धान्याचे हवे. आंतरराष्ट्रीय कोडेक्स अन्नमानकांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये निदान ६ ग्रॅम चोथा असेल तर त्याला चोथ्याने समृद्ध म्हणता येते.

वाढवण्याची गती: आठवड्याला साधारण ५ ग्रॅम. एकदम वाढवल्यास गॅस, पोटफुगी आणि मुरडा होतो. पाणी वाढवले नाही तर चोथ्यानेच बद्धकोष्ठ होऊ शकतो.

सावधान: आतडे अरुंद झालेले असणे, क्रोन्स आजार (आतड्याचा जुनाट दाह), नुकतीच झालेली आतड्याची शस्त्रक्रिया किंवा पोटावर काढलेले मलद्वार यांपैकी काही असल्यास चोथा स्वतःहून वाढवू नये. कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्यांनी हा लेख बाजूला ठेवून आपल्या आहारतज्ज्ञाचे ऐकावे.

## टप्पा ६: आता भाज्या आणि फळे

फळे-भाज्यांचा धोक्याशी असलेला संबंध सरळ रेषेत जात नाही. सर्वांत मोठा फरक दिसतो तो दिवसाला १०० ग्रॅमही न खाणारा माणूस तेवढ्यावर आला की. त्यापुढे मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरता जादा लाभ मंदावतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की पाच वाटे खाणाऱ्याने सहाव्या वाट्यासाठी जीव टाकण्यापेक्षा, भाजीला हात न लावणाऱ्या घरातल्या माणसाला दोन वाट्यांवर आणावे. हृदयविकार आणि इतर आजारांसाठी ४०० ग्रॅमचे लक्ष्य तरीही योग्यच आहे.

एक वाटा ८० ग्रॅमचा धरावा. पाचांपैकी तीन वाटे भाज्यांचे आणि दोन फळांचे ठेवल्यास साखर आटोक्यात राहते. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, पालेभाज्या, गाजर, टोमॅटो, कांदा, शेंगभाज्या यांत विविधता महत्त्वाची, एकाच ‘जादुई’ भाजीचा शोध व्यर्थ. साल खाण्याजोगी असेल तर काढू नये. गोठवलेल्या भाज्या चालतात.

भाजीतील गुण गोळीतून मिळतील ही अपेक्षा तपासून पाहिली गेली आहे आणि ती फसली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॉलिप काढलेल्या व्यक्तींना रोज १ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिले असता पॉलिप कमी झाले नाहीत, उलट पुढच्या काळात प्रगत पॉलिप वाढल्याची शंका निर्माण झाली.

सावधान: वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत, कारण त्यांतील जीवनसत्त्व के औषधाचा परिणाम कमी करते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियमची मर्यादा आधी विचारावी.

## टप्पा ७: कॅल्शियम

कॅल्शियम आतड्यातील पित्ताम्लांना आणि मुक्त मेदाम्लांना बांधून ठेवते, त्यामुळे अस्तराला होणारी चिडचिड कमी होते. ५ लाखांहून अधिक ब्रिटिश महिलांच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या ३०० मिलिग्रॅम जादा कॅल्शियममागे, म्हणजे साधारण एका मोठ्या ग्लासभर दुधामागे, धोका १७ टक्क्यांनी कमी आढळला. दूध न चालणाऱ्यांनी कॅल्शियमयुक्त सोया पेय किंवा काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे घ्यावेत. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, विशेषतः मुतखडा होऊन गेला असेल तर.

## टप्पा ८: तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवसांची नोंद

जुनी आणि नवी वही शेजारी ठेवावी. प्रक्रिया केलेल्या मांसाचा रकाना रिकामा आहे का, मद्याचे ग्रॅम उतरले का, चोथा ३० वर पोहोचला का, एवढेच पाहावे. कंबरेचा घेरही मोजावा, कारण पोटावरची चरबी हे धोक्याचे स्वतंत्र कारण आहे, आणि नियमित शारीरिक हालचालीने आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो हा पुरावा कोणत्याही भाजीपेक्षा भक्कम आहे. पोट हलके वाटते किंवा शौच नियमित होते याला धोका घटल्याचा पुरावा समजू नये, ती केवळ चोथा पोहोचल्याची खूण आहे.

दरम्यान मळातील सूक्ष्म रक्ताची चाचणी करायची झाल्यास ती कोणत्या प्रकारची आहे ते विचारावे. एफआयटी चाचणीला पथ्य लागत नाही. जुन्या ग्वायक चाचणीआधी मात्र काही दिवस लाल मांस आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, कारण पहिल्याने खोटा होकार आणि दुसऱ्याने खोटा नकार येऊ शकतो. आणि पूर्वी कधी पॉलिप काढलेला असेल तर त्या अहवालातील चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्याव्यात: पॉलिपची संख्या, सर्वांत मोठ्याचा आकार, सूक्ष्मदर्शक तपासणीत ठरलेला प्रकार आणि पुढील तपासणीचे वर्ष.